गावाचा इतिहास लिहायचाय? मग आधी विहिरीपाशी जा: थेथ नावाच्या अल्बानियन खेड्याकडून शिकलेली पद्धत

राजेहो, गावाचा इतिहास लिहायचा असं मनात घेऊन बसलेले दर गावात दोन-तीन जण असतातच. एक रिटायर मास्तर, एक पुण्याला नोकरीवर गेलेला पोरगा, अन् एक माझ्यासारखा, पऱ्हाट्या उपटून झाल्या की पेरणीपर्यंत हातात वेळच वेळ असलेला. तिघंही सारखेच चुकतात. पहिल्या पानावर पांडव येतात, दुसऱ्या पानावर रुक्मिणीहरणाचा रथ बरोब्बर आपल्याच शिवारातून जातो, तिसऱ्या पानावर निजाम अन् भोसले, आणि चौथ्या पानावर वही बंद, कारण आता स्वतःच्या गावाबद्दल लिहायचं तर काय लिहायचं तेच कळत नाही. माझी अशी एक दोनशे पानी वही होती, त्यातली साडेतीन पानं भरली, पुढं बायकोनं त्यात दुधाचा हिशोब मांडला.

मग एका रात्री लाईन गेलेली, झोप येत नव्हती, मोबाईलवर भटकता भटकता थेथ नावाच्या खेड्याबद्दल वाचत बसलो. अल्बानिया म्हणजे ग्रीसच्या वरच्या अंगाला असलेला छोटा देश, थेथ त्याच्या पार उत्तरेला डोंगरात, शाला खोऱ्यात, पूर्वी हिवाळ्यात बर्फ पडला की वाट बंद व्हायची. घरं मोजकीच. पण तेवढ्याशा गावातली माणसं कशी राहायची, भांडायची कशी, सोयरीक कुठं करायची, पाहुण्याला काय द्यायची, सगळं लिहिलेलं सापडतं. मला जरा रागच आला खरं सांगू तर. आमच्या गावाची वस्ती हजार-बाराशे, अमरावती-यवतमाळच्या सीमेवर, गढी आहे, नाला आहे, दोन मारोती आहेत, अन् आमच्याबद्दल कुठं एक ओळ नाही. तर त्या लोकांनी ते कसं केलं हे बघून मी आमच्याकडे काय केलं अन् कुठं तोंडावर आपटलो, ते सांगतो.

साल विचारू नका

ही पहिली अन् सगळ्यात मोठी गोष्ट. मी सुरुवातीला म्हाताऱ्यांना विचारत सुटलो होतो, गाव कोणत्या साली वसलं, तुमचे वडील कोणत्या साली आले. उत्तर एकच, "मले का माईत बाप्पा." आणि मग चहा.

अल्बानियात श्त्येफेन ग्येचोव नावाचा एक फ्रान्सिस्कन पाद्री होऊन गेला. हा माणूस वर्षानुवर्षं डोंगरातल्या गावांत फिरून लोकांचे रिवाज उतरवून घेत होता. त्या रिवाजांना तिकडे कानून म्हणतात, हो हो, आपलाच कायदा-कानूनवाला कानून, तुर्कांच्या अमलातून तिकडे गेला अन् मुसलमानी अमलातून आपल्याकडे आला. पंधराव्या शतकातल्या लेक दुकाजिनी नावाच्या सरदाराचं नाव त्याला चिकटलेलं आहे. ग्येचोवनं हे १९१३ पासून एका मासिकात छापायला घेतलं, १९२९ मध्ये त्याचा खून झाला, अन् सगळं एकत्र पुस्तक म्हणून निघालं १९३३ मध्ये, तो गेल्यावर. आता त्यात काय आहे बघा: गिरणीवर नंबर कोणाचा, पाटाचं पाणी कसं वाटायचं, मधमाश्यांचं पोळं कोणाचं, धुऱ्याचा दगड हलवला तर काय. धुऱ्याच्या भांडणात जाणत्या माणसानं खांद्यावर दगड अन् मातीचं ढेकूळ घेऊन हद्द चालून दाखवायची, अशी रीत होती म्हणे. म्हणजे राजा कोण होता हे त्यात जवळपास नाहीच, वावर अन् पाणी आहे. माझ्या डोक्यात तिथं लाईट पेटला.

तर तुम्ही पण वस्तूपासून सुरू करा. विहीर, धुरा, पार, आखर, मसनवट, जुनी बंडी, गढीची पडकी भिंत. आमच्या वस्तीत एक म्हातारे बाबा होते, चाळीसेक वर्षं सालदारकी केलेले, पाडव्याला साल धरायचं अन् पुढच्या पाडव्याला हिशोब. त्यांना साल विचारलं तर बोलतच नव्हते. एक दिवस त्यांना हात धरून पांदणीनं देशमुखांच्या मळ्यातल्या विहिरीपाशी नेलं अन् फक्त एवढंच म्हटलं, बाबाजी, हिच्या एका बाजूले दगड अन् दुसऱ्या बाजूले इटा काहून?

दीड तास बोलले. दगडाची बाजू पहिली, खाली काळा पाषाण लागला, सुरुंग लावला, त्यात एकाचा हात गेला, त्याला देशमुखांनी दोन पायली ज्वारी दिली. विटांची बाजू नंतरची, एका झडीत थडी खचली, मग तीन उन्हाळे तशीच होती, ७२ च्या दुष्काळात बांधली कारण तेव्हा मजूर स्वस्त होता, लोक लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, खाऊन काम करत होते. आणि मग विहिरीच्या काठावर हात ठेवून म्हणाले, "खंदली मीनं. पन पानी भराची परवानगी नोती. वरून वाढत, ओंजयीत." मी काही बोललो नाही. त्यांनीच पुढं सांगितलं की ५६ ले त्यांची वस्ती नागपूरले गेली होती दीक्षेला, ते तेव्हा पोरगं होते, बापाच्या खांद्यावर, आणि परत आल्यावर घरातले देव नाल्यात सोडले, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, त्यावरून गावात वर्षभर बोलाचाली बंद होती. हे सगळं एका विटेतून निघालं. साल विचारून सात जन्मात निघालं नसतं.

सालं आपोआप लागतात नंतर, काळजी करू नका. म्हातारी माणसं आपल्याकडे खुणेनं बोलतात: मानमोडीच्या साथीत, गांधीबाबाले मारलं तेव्हा, आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा, लाल मिलोच्या दुष्काळात. तुमच्याजवळ चिठ्ठी तयार ठेवा, मानमोडी म्हणजे इन्फ्लूएंझाची साथ, १९१८, गांधीजी १९४८, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६, नवे पैसे १९५७, दुष्काळ १९७२. अल्बानियातली म्हातारी पण अशीच बोलतात, झोगच्या वेळी, म्हणजे तो राजा झोग १९२८ ते १९३९, किंवा एनव्हरच्या वेळी, म्हणजे एनव्हर होजाची कम्युनिस्ट राजवट, १९४४ पासून तो १९८५ मध्ये मरेपर्यंत. या होजानं १९६७ मध्ये धर्मच बंद करून टाकला, चर्च-मशिदींना टाळे, अन् देशभर काँक्रीटचे बंकर बांधले, एक लाख त्र्याहत्तर हजार. आता लोक त्यात कोंबड्या-बकऱ्या ठेवतात. तिथल्या म्हाताऱ्याला काळ विचारायचा तर बंकर पुढं करा, आपल्याकडे विहीर.

कागद कुठं असतात

आता कागदाची भानगड. इथं एक गोष्ट समजून घ्या की जुने सरकारी कागद आपल्या आठवणीसाठी कोणी लिहिले नव्हते, सारा वसूल करायला लिहिले होते. अल्बानियातही तेच, उत्तरेकडच्या श्कोदरच्या मुलखाची १४८५ सालची तुर्की नोंदवही आहे, त्यात गावागणिक घरच्या कर्त्या पुरुषांची नावं आहेत. कशासाठी? करासाठी. ख्रिस्ती घराला साधारण २५ अक्चे, म्हणजे तुर्की नाणी, अन् विधवेला ६, अशी पद्धत होती, म्हणून बाईचं घर त्या वहीत दिसतं ते नवरा मेल्यावर. तोवर ती सरकारला दिसतच नाही. हे डोक्यात ठेवून आपल्याकडचे कागद वाचा, लय काही कळतं.

पहिलं म्हणजे तुमचं गाव जुन्या वऱ्हाडात की नागपूरकडच्या मुलखात ते बघा, कारण कागद वेगळे. वऱ्हाड निजामाचं, १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात आलं, तिथं रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, अन् पाटील-पटवारी. भंडारा-चांद्याकडे मालगुजारी होती, म्हणजे मधे सारा गोळा करणारा मालगुजार, ती जाईपर्यंत १९५१ उजाडलं, तिकडचे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलावच, मामाचा काही संबंध नाही. तिकडे निस्तार पत्रक अन् वाजिब-उल-अर्ज हे कागद मागा, गावच्या लोकांचा जंगल-तलाव-चराईवर काय हक्क होता ते त्यात असतं. तुमचं गाव तिकडचं असेल तर हा खजिना आहे, आमच्याकडे हे नाही म्हणून मला जरा हेवाच वाटतो.

वऱ्हाडात काय तर जुने सातबारे, फेरफार, पेरेपत्रक, अधिकार अभिलेख, अन् भूमी अभिलेखातून गावचा नकाशा. एक लक्षात ठेवा, जुना सर्वे नंबर अन् आताचा गट नंबर वेगळे, म्हणून कागदावरून वावर शोधायला जाऊ नका, वावराच्या नावावरून जा. आमच्याकडे एका वावराला "बुडकीचं" म्हणतात, बुडकी म्हणजे छोटी कच्ची विहीर, तिथं आता बुडकीही नाही अन् पाणीही नाही, पण सत्तरीच्या पुढच्या कोणालाही विचारा, तुम्हाला तिथं नेऊन उभं करतो. नकाशावर "रिठ" लिहिलेलं दिसलं तर थांबा, तिथं पूर्वी गाव होतं अन् उठून गेलं. का गेलं हे विचारत सुटा. आमच्या शेजारच्या रिठाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळाल्या, पटकी, दरोडा अन् एका बुवाचा शाप. मी तिन्ही लिहिल्या, कोणाचं म्हणणं कोणतं ते सांगून.

पण खरी चीज म्हणजे कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी, व्हॅलिडिटीसाठी ज्यांनी चकरा मारल्यात त्यांना सांगायला नको. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, अर्ज करायचा, तिकीट लावायचं, नक्कल घ्यायची. मला एका कार्यालयात अकरा चकरा लागल्या, दर वेळी "साहेब मीटिंगमध्ये", शेवटी एका शिपाई काकांनी जेवणाच्या सुट्टीत बस्ता सोडून दिला अन् म्हणाले बस वाचत, चारच्या आत आवर. लाल फडकं, तपकिरी पानं, कडा हात लावला की गळतात. घाई करू नका, ओल्या बोटानं पान उलटू नका, फोटोची परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद ठेवून काढा. काही पानं मोडीत असली तर मोडी वाचणारा गाठा, जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा सापडतोच.

वाचता वाचता १९१८ चं पान आलं. एरवी आमच्या गावच्या मृत्यूंच्या एका पानात दोन-तीन महिने बसायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्यात पान संपलंय. कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, खाली ताप, मग लिहिणाऱ्यानं कंटाळून नुसती रेघ ओढलीय. अक्षर मध्येच बदललंय, म्हणजे लिहिणाराच बदलला. तो का बदलला हे मी अजून शोधतोय. त्या दिवशी मी बाकीचं काही वाचलं नाही, घरी आलो.

अन् दुसरं, माझ्या आजीचा जन्म शोधला. सापडला. बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे, अन् नावाच्या जागी लिहिलंय "मुलगी". बस. तुर्कांच्या वहीतली विधवा अन् ही "मुलगी", दोघींचं सारखंच.

शाळेचं दाखलखारीज रजिस्टर पण बघा, पण जन्मतारखेवर भरवसा ठेवू नका, अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, गुरुजींची कृपा. रजिस्टरात खरी गंमत "शाळा सोडल्याचे कारण" या रकान्यात: ढोरामागं, लग्न, बाप मेला, गाव सोडले.

दोन झाडं काढा

वंशावळ काढायला सगळ्यांना आवडतं, भाट येतो, वही उघडतो, तेरा पिढ्या धडाधड म्हणतो, आपण खूश होऊन पैसे देतो. थेथचे लोक पण म्हणतात आम्ही सगळे एका पुरुषाचे, डेड निका त्याचं नाव. चांगलं आहे, लिहून घ्या. पण तिकडे एक भारी कल्पना आहे: बापाकडची साखळी म्हणजे रक्ताचं झाड अन् आईकडची म्हणजे दुधाचं झाड. मान रक्ताच्या झाडाला, हे सांगायला नकोच. पण दुधाच्या झाडाला निदान नाव तरी आहे.

मी म्हटलं आपण दुधाचंच काढू. आमच्याकडे सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारायची पद्धत होती ना, दारव्हेकरीण, नेरकरीण, बडनेरकरीण, तर मी घरोघर जाऊन फक्त एवढंच विचारलं, तुमच्या घरात चार पिढ्यांत कोणत्या गावची सून आली अन् पोरगी कोणत्या गावी दिली. बायकांनी हे जे सांगितलं ना! पुरुषांना बापाच्या बापाचं नाव आठवेना, अन् आमच्या चुलत आजीला सासूच्या माहेरच्या गाईचा रंग माहीत. मग तालुक्याच्या नकाशावर मी टिंबं मारली. जुन्या पिढीची सगळी टिंबं एका वर्तुळात, बंडीनं एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या टप्प्यात. बैलाच्या दमाएवढी सोयरीक. मग एस.टी. आल्यावर टिंबं लांब लांब पळायला लागतात, आता तर सुरतपर्यंत. हे एक पान माझ्या अख्ख्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान आहे असं मला वाटतं, अन् त्यात एक राजा नाही.

नावं लिहिताना बायकांची दोन्ही नावं लिहा, माहेरचं अन् लग्नात बदललेलं. विचारल्यावर काही जणी लाजतात, काहींना आठवतच नाही. एक आजी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मले त्या नावानं हाक मारनारं कोनी उरलंच नाई."

गाणी सोडू नका. अल्बानियाच्या डोंगरात लहुता नावाचं एकतारी वाद्य आहे, त्यावर लांबच लांब वीरगाथा गातात, जुनी भांडणं, जुने शूर त्यातच जिवंत राहिले. आपल्याकडे पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, दंडार. झडतीत गावच्या पाटलाला मारलेले टोमणे असतात, ते कुठल्याच सरकारी कागदात नाहीत. भुलाबाईच्या गाण्यात सासरची नावं घातलेली असतात. उतरवून घेताना "अश्लील आहे जाऊ द्या" म्हणून गाळू नका, मी गाळलं अन् आता ती म्हणणारी बाई नाही.

भांडणं कशी लिहायची

ही नाजूक जागा. थेथमध्ये दगडी बुरूज आहे, बारीक खिडक्यांचा, खुनाचा सूड डोक्यावर असलेली माणसं त्यात कोंडून घेऊन राहायची. आज पर्यटक तो बघायला जातात. एडिथ डरहॅम नावाची इंग्रज बाई १९०८ मध्ये त्या डोंगरांत फिरली, थेथलाही गेली, तिनं त्या सूडाच्या हिशोबांबद्दल बारीकसारीक लिहिलंय. पण ती पाहुणी होती, लिहून निघून गेली. आपल्याला गावातच राहायचंय, उद्या त्याच टपरीवर चहा प्यायचाय.

म्हणून माझा नियम असा: जे भांडण कोर्टात चालू आहे ते लिहायचं नाही. जिवंत माणसाचं नाव त्याला वाचून दाखवल्याशिवाय टाकायचं नाही. पण भांडण झालंच नाही असंही लिहायचं नाही. विहिरीचं पाणी कोणाला नव्हतं हे मी लिहिलं, देशमुखांच्या घरी जाऊन आधी वाचून दाखवलं. तिथले थोरले थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले "आमच्या वडलांचं नाव नका टाकू, पण गोष्ट खरी आहे, राहू द्या." राहू दिली.

रेकॉर्डिंगचं एक सांगतो, माझ्यासारखं करू नका. बाबाजींचा तो दीड तास मी मोबाईलमध्ये घेतला होता, मेमरी फुल्ल झाली, पोरानं गेम टाकायला फाईली उडवल्या. त्याला काय माहीत. पुन्हा बसू म्हणलं, तूर काढून झाली की बसू. पौषात बाबाजी गेले. माझ्याजवळ राहिलं ते त्या रात्री घरी येऊन बायकोच्या दुधाच्या वहीत मागच्या बाजूनं खरडलेलं पानभर. म्हणून त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा, एक कार्डात, एक दुसऱ्याच्या फोनमध्ये, अन् वर पेनानं लिहून पण काढा.

लिहून झालं की पुस्तक छापायच्या मागं लागू नका लगेच. मी एकोणतीस पानं टाईप करून वीस झेरॉक्स काढल्या, स्पायरल मारलं, मागं दहा कोरी पानं ठेवली, अन् काकड आरतीच्या दिवसांत मारोतीच्या पारावर रोज थोडं वाचलं. पहिल्या दिवशी सहा माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. चौथ्या दिवशी सोयरिकीचं पान आलं अन् बायका पदर सावरत पुढं सरकल्या.

"थांब रे," मागून एक आजी म्हणाली. "माह्या सासूचं माहेर चुकलं तुह्यं. ते नेर नोय, नेरपिंगळाई."

चष्मा शोधेपर्यंत शेजारची दुसरी बोलली, "हो नं, अन् गाय पांढरी नोती, कपिली होती." मग दोघींचं गाईवरून जे सुरू झालं ते आरती संपली तरी चालूच, अन् मी कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहीत बसलो.